दूध डेअरीला, चहा पोरांना

पहाट झाली की गावोगावच्या दुधाच्या किटल्या डेअरीच्या वाटेला लागतात. गाईचं, म्हशीचं, झाडून सगळं दूध जातं. घरात उरतं कपभर, त्यात सगळ्यांचा चहा होतो. शाळेला निघालेल्या पोरापुढं तोच चहा येतो आणि सोबत बिस्किटाचा पुडा. बाजारच्या दिवशी अंडी जातात, शेवग्याच्या शेंगा जातात. भुईमुगाचं पोतं अडत्याकडे जातं. येताना पिशवीत काय येतं? पाच-पाच रुपयांचे कुरकुरीत पुडे!

विकू नका, असं आम्ही म्हणत नाही. तेल-मीठ, औषधपाणी, पोरांच्या वह्या त्याच पैशातून येतात. पण कसदार माल घरातून जावा आणि निकस माल घरात यावा, हा सौदा तोट्याचा आहे.

पुड्यात असतं काय? पीठ, तेल आणि मीठ. बिस्किटात मैदा, साखर आणि तेल. त्यानं भूक मरते, पण अंगी लागत नाही. वाढत्या मुलाला प्रथिनं लागतात. घर बांधायला विटा लागतात, तशी अंग बांधायला प्रथिनं. शेंगदाण्यात वजनाच्या सुमारे चौथा हिस्सा प्रथिनं असतात. शाळेत जाणाऱ्या पोराच्या खिशात मूठभर भाजके दाणे घाला. अगदी लहानग्याला मात्र अख्खे दाणे देऊ नका, घशात अडकतात. कूट करून भातात कालवा. दूध कमी पडतं त्या घरी नाचणीची भाकरी किंवा आंबील करावी. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, तेवढ्याच गाईच्या दुधात सुमारे १२०. हाडं त्यानंच भरतात. शेवग्याचा पाला तर आपल्याकडे झाडाखालीच वाळून जातो. तोही भाजीचा आहे, आणि फुकटचा!

आता रक्ताचं बघू. २०१९ ते २०२१ या काळात देशभर आरोग्याची पाहणी झाली. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांपैकी शंभरात ६७ मुलांच्या अंगात रक्त कमी निघालं. रक्त कमी असलं की पोर लवकर दमतं, खेळायला जात नाही. आईबाप कौतुकानं सांगतात, "आमचं पोर गुणाचं, एका जागी बसून असतं." अशा पोराची खालची पापणी जरा ओढून बघा. आतून फिकी दिसली तर त्याला आरोग्य केंद्रात न्या. शाळेत, अंगणवाडीत जंताची गोळी देतात, ती चुकवू नका. जंतांमुळंही रक्त कमी होतं.

रक्ताला लोह लागतं. ते बाजरीत आहे, मटकीत आहे, पालेभाजीत आहे; मटणमासळीतलं तर अंगी लवकर लागतं. मटकीच्या उसळीवर लिंबू पिळलं की त्यातलं लोह जास्त लागू पडतं. चहा नेमकं उलटं करतो, लोह अंगात शिरू देत नाही. म्हणून जेवणाच्या आधी तासभर आणि नंतर तासभर चहा नको. मोठ्यांनाही हे लागू आहे बरं का!

खाल्लेलं अंगी लागायला खेळ हवा. पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी रोज निदान एक तास धावावं, घाम गाळावा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. लंगडी, खो-खो, विटी-दांडू, सूरपारंब्या यांना पैसा पडत नाही. उड्या मारल्यानं हाडं घट्ट होतात.

पण मुलगी दहा-बारा वर्षांची झाली की घरात म्हणतात, "पुरे आता उड्या." ती पाणी भरते, भांडी घासते आणि सगळ्यांच्या मागून उरलंसुरलं खाते. पाळी सुरू झाली की दर महिन्याला तिचं रक्त जातं, म्हणजे लोह तिलाच जास्त हवं. डझनभर अंडी बाजाराला निघाली तर दोन मागं ठेवा, त्यातलं एक तिच्या ताटात पडू द्या. संध्याकाळी तासभर तिला फुगडीला, लंगडीला मोकळी सोडा. तेवढ्या वेळात भांडी भावानं घासली तरी चालतंय.