मांड आणि विश्वास



अश्वारोहणातील ‘इव्हेंटिंग’ हा प्रकार घोडदळाच्या घोड्यांची कसोटी म्हणून जन्मास आला आणि १९१२ साली स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये समाविष्ट झाला. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत रघुबीर सिंग यांनी त्यात सुवर्णपदक मिळविले. त्याच्या तीन परीक्षांपैकी मोकळ्या रानातील धाव, म्हणजे ‘क्रॉस-कंट्री’, हा माझा आजचा विषय.

रिंगणातील दांडी घोड्याचा पाय लागताच खाली पडते. रानातील ओंडका सहसा हलत नाही. तेथे चुकलेली उडी स्वाराच्या व घोड्याच्या जिवावर बेतू शकते. अलीकडे काही अडथळे आघाताने सुटतील असे बांधतात; तरी खरे संरक्षण शिक्षणाचेच.

घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्याने अगदी समोरचे, जवळचे त्याला दिसत नाही. झेपेच्या क्षणी अडथळा त्याच्या दृष्टीआड होतो. म्हणजे उडीचा अंदाज त्याने आधीच्या काही पावलांतच बांधलेला असतो. नेमक्या त्या वेळी लगाम खेचणारा स्वार त्याचा अंदाज मोडतो.

पूर्वी स्वार उडी घेताना मागे रेलत. घोड्याच्या तोंडाला हिसका बसे, पाठीवर भार येई. इटालियन घोडदळातील फेदेरिको काप्रिल्ली (१८६८–१९०७) यांनी स्वाराविना उड्या घेणारे घोडे न्याहाळले आणि स्वारानेच घोड्याच्या तोलाला अनुसरून पुढे झुकावे, हात सैल सोडावेत, अशी रीत घालून दिली. आजचे शिक्षण त्यावरच उभे आहे.

माझा शिकविण्याचा क्रम साधा आहे. नवा घोडा प्रथम जमिनीवरील दांड्यांवरून चालतो, मग दुडकी चालीने जातो. पुढे लहान ओंडका, उथळ चर. पाण्याची खोली त्याला कळत नाही, म्हणून एक जाणता घोडा पुढे घालतो. तो बिचकला, तर चाबूक न उगारता सोप्या अडथळ्याकडे परततो. स्वारालाही मी आधी लगामाविना, हात पसरून बसवितो. मांड पक्की झाली की त्याला हाताचा आधार लागत नाही.

वेग, दिशा आणि तोल यांची सिद्धता अडथळ्यापूर्वी करणे, एवढेच स्वाराचे काम. झेप घोड्याची असते. शिकविणाऱ्या प्रत्येकाने आपला हात केव्हा सैल सोडावा, हे मला या मुक्या प्राण्याने शिकविले.