पोस्टर थांबवा

सकाळी साडेनऊ. विद्यापीठातल्या नवोपक्रम केंद्रात पाऊल टाकते तोच रसायनशास्त्राच्या सरांचा फोन. पाण्यातलं फ्लोराइड शोषणारी पूड त्यांनी तयार केलीय. यवतमाळ-चंद्रपूरकडच्या विहिरींना उपयोगी पडेल अशी. परवा हैदराबादला परिषद आहे, पोस्टर छापायला गेलंय. “सर, पोस्टर थांबवा.” पेटंटच्या अर्जाआधी माहिती जाहीर झाली की शोधाचं नवेपण गेलं, कायद्यातली सवलत फार तोकडी. सरांना राग येतो, आणि तो बरोबर आहे. बढतीला शोधनिबंध मोजतात, पेटंटला कोण विचारतो?

दहा ते एक प्रयोगशाळेत. तात्पुरता अर्ज आजच करायचा. संपूर्ण तपशील द्यायला पुढे बारा महिने मिळतात. पण तात्पुरता म्हणून काहीही खरडून चालत नाही. त्यात जे लिहिलेलं नाही, त्याला आजची तारीख मिळत नाही. “भट्टीचं तापमान?” “450 अंश.” “300 ला होत नाही?” सर गप्प. पीएचडीची विद्यार्थिनी वही उघडते: होतं, उन्हाळ्यात करून पाहिलंय. तो आकडा अर्जात जातो आणि तिचं नाव शोधकांमध्ये.

दोन वाजता लेखा विभाग. ऑनलाइन शुल्क 1,600 रुपये. 2021 पासून शिक्षणसंस्थांना 80 टक्के सवलत आहे. अडतं ते पेटंट एजंटच्या फीपाशी. तीन दरपत्रकं हवीत म्हणे, खुर्च्या घेतो तशी. शेवटी कुलसचिवांची सही मिळते.

साडेतीन. पंप बनवणारे एक कारखानदार. पुडीच्या चाचण्यांचा खर्च देतील, पण शोधाची मालकी पूर्ण हवी. मी परवाना पुढे करते: विक्रीवर टक्का, आणि दोन वर्षांत माल बाजारात आला नाही तर परवाना रद्द. ते या कलमावर अडतात, मीही. पेटंट घेऊन कपाटात ठेवणारे कमी नसतात. दुसऱ्या चहापर्यंत चाचण्यांचा करार ठरतो, परवाना लटकलेलाच.

पाचला अर्ज दाखल. क्रमांक येताच सरांना कळवते, छापा.

सहा वाजता दोन विद्यार्थी-उद्योजक. तिसरा भागीदार बंगळुरूला नोकरीला गेलाय, कंपनीतला एक तृतीयांश हिस्सा घेऊन. करार? “मॅडम, आम्ही मित्र होतो ना.” उद्या तिघांना एकत्र फोनवर घ्यायचंय, त्याआधी कोणी किती काम केलं, हे दोघांनी आज रात्री लिहून आणायचं, वेगवेगळं.