गळा, गद्य आणि गंमत : हौशी संगीत नाटकाची निवड चाचणी

आजचा विषय जाहीर झाल्यापासून दोन-तीन जणांनी आम्हाला विचारलं, की निवड चाचणी, म्हणजे ज्याला आता सगळे ऑडिशन म्हणतात, त्यावर तासभर बोलण्यासारखं काय आहे? गायचं, दोन वाक्यं म्हणायची आणि घरी जायचं. पण ही चाचणी नीट न समजल्यामुळे चांगली माणसं दारातूनच परत जातात, आणि ती नीट न घेतल्यामुळे मंडळं त्याच चार घरांत अडकून पडतात. म्हणून आज जरा सविस्तर बोलू.

बोलायला एक ठरावीक नाटक समोर असलं की बरं पडतं. आपण गोविंद बल्लाळ देवलांचं ‘संगीत संशयकल्लोळ’ घेऊ. आपल्याकडच्या हौशी मंडळांचं हे लाडकं नाटक आहे. त्याचं मूळ मोलियेरच्या १६६० सालच्या एका फ्रेंच प्रहसनात आहे. त्यावरून आर्थर मर्फीने १७६१ साली इंग्रजी नाटक केलं आणि त्यावरून देवलांनी आधी गद्य मराठी नाटक लिहिलं. पुढे त्यात पदं घातली गेली आणि १९१६ साली, देवलांच्या निधनाच्याच वर्षी, गंधर्व नाटक मंडळीने ते संगीत रूपात रंगभूमीवर आणलं. हा इतिहास सांगण्याचं कारण आहे. नाटक आधी गद्यात उभं राहिलं आणि गाणं मागून आलं. म्हणजे या नाटकाचा कणा गद्य आहे. नुसता गळा घेऊन येणाऱ्याने हे लक्षात ठेवलेलं बरं.

गोष्ट आपल्याला माहीत आहे. रेवतीला रस्त्यात घेरी येते, फाल्गुनराव तिला सावरतो, आणि ते त्याची बायको कृत्तिका बघते. रेवतीच्या हातून पडलेली अश्विनशेठची तसबीर कृत्तिका उचलते, आणि ती न्याहाळताना तिला फाल्गुनराव बघतो. झालं! दोघांच्याही डोक्यात संशय शिरला. यात कोणीही विनोद करत नाही. फाल्गुनरावाचं घर खरोखर मोडायला आलंय, असं त्याला वाटतं. त्याची तगमग जितकी खरी, तितका प्रेक्षक हसतो, कारण खरी गोष्ट प्रेक्षकाला ठाऊक असते आणि त्याला नसते. चाचणीला येणारे पुष्कळ जण इथेच घसरतात. विनोदी नाटक आहे म्हटल्यावर भुवया उडवायच्या, आवाज चिरका काढायचा. निवडणाऱ्यांना ते नको असतं. ‘हा माणूस संशयाने खरंच पोखरला जाऊ शकेल का’ हे ते बघत असतात.

आता चाचणीत नेमकं काय होतं ते क्रमाने बघू. हौशी मंडळात सहसा तीन गोष्टी करायला सांगतात. एक पद म्हणायचं, एक उतारा वाचायचा आणि समोर दुसरा उमेदवार उभा करून छोटा प्रवेश करायचा. या तिन्हींतून वेगवेगळं तपासलं जातं.

पदापासून सुरुवात करू. पहिला प्रश्न पट्टीचा. पायपेटीवर जे काका बसलेले असतात ते विचारतात, ‘कुठली पट्टी?’ आणि समोरचा गोंधळतो. घरी मोबाइलवरच्या गाण्याबरोबर गाताना आपण मूळ गायकाच्या पट्टीत गात असतो, ती आपली असेलच असं नाही. साधारणपणे पुरुष काळी एक, पांढरी दोन या आसपास गातात आणि बायका पांढरी चारपासून काळी पाचपर्यंत. पण ‘साधारणपणे’ या शब्दावर जाऊ नका. गावात कोणाकडे तरी पेटी असतेच. जाऊन पंधरा मिनिटं बसा, खालचा पंचम आणि वरचा षड्ज दोन्ही आरामात लागतात अशी पट्टी शोधा आणि कागदावर लिहून ठेवा. चाचणीत ती सांगितलीत की अर्धी भीती तिथेच जाते.

दुसरा प्रश्न, म्हणायचं काय? इथे आमचा सल्ला जरा वेगळा आहे. ज्यांचं गाणं शिकून झालेलं नाही त्यांनी तानांनी भरलेलं गाजलेलं पद घेऊ नये. ते पद सगळ्यांनी थोरामोठ्यांकडून ऐकलेलं असतं आणि ऐकणाऱ्याच्या कानात ती तुलना आपोआप सुरू होते. त्यापेक्षा साकी घ्या, दिंडी घ्या. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणलं तेव्हापासून या वृत्तांनी संगीत नाटक चालवलेलं आहे. चाल छोटी, शब्द पुढे आणि ठेका सरळ. चार ओळींत तुमचा सूर, लय आणि उच्चार तिन्ही कळतात. निवडणाऱ्याला तेवढंच हवं असतं. आठ आवर्तनं आलाप केलात म्हणून भूमिका मिळत नाही. उलट, याला प्रवेश पुढे न्यायचा आहे की मैफल करायची आहे, अशी शंका येते.

आणि पद म्हणजे त्या पात्राचं बोलणंच असतं, हे विसरू नका. अश्विनशेठ गातो तेव्हा तो कोणाला तरी काहीतरी सांगत असतो. म्हणून पदाच्या आधीचं एक गद्य वाक्य जोडून म्हणा. वाक्य संपलं, श्वास घेतला, आणि उभं राहण्याची ढब बदलून ‘आता मी गाणार’ असा पवित्रा घेतला, की पात्र गेलं आणि गायक उरला. वाक्यातून पदात शिरताना माणूस तोच राहतो का, हे बघण्याजोगं असतं. घरी याचा सराव अगदी सोपा आहे. पदाचे शब्द आधी गद्यासारखे बोलून बघा. कुठल्या शब्दावर जोर येतो ते कळलं की तोच जोर गाण्यात आणायचा.

दुसरी गोष्ट वाचनाची. हातात नक्कल देतात आणि वाचा म्हणतात. देवलांची वाक्यं लांब असतात, भाषा जुनी. अडखळलात तरी बिघडत नाही. कुठल्याही वाक्यात मुख्य क्रियापदापर्यंत आवाज पोचतो का, हे महत्त्वाचं. आपल्याकडे सवय अशी, की वाक्य सुरू जोरात होतं आणि शेवटाला पुटपुटतं. आता मराठीत क्रियापद येतं शेवटी आणि विनोदाचा फटकाही बहुतेक वेळा तिथेच असतो. शेवटचा शब्द गिळला की हशा गेला. शंभर-दोनशे माणसं बसलेल्या सभागृहात माइक असला तरी हे खरं आहे.

वाचनात आणखी एक बघितलं जातं, ते म्हणजे थांबणं. प्रयोगात प्रेक्षक हसले की नटाला थांबावं लागतं, नाहीतर पुढचं वाक्य हशात बुडतं. चाचणीच्या खोलीत कोणी हसत नाही. तिघे-चौघे गंभीर चेहऱ्याने वहीत लिहीत असतात. तिथेही जो वाक्यानंतर पुरतं थांबतो, घाईने पुढचं वाक्य खात नाही, त्याला प्रेक्षकाची जाणीव आहे असं समजतं. समोरच्यांचे चेहरे बघून घाबरू मात्र नका. ते लिहीत असतात म्हणून हसत नाहीत.

तिसरी गोष्ट समोरासमोरचा प्रवेश. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं की बोलणाऱ्याची परीक्षा चाललीय. खरं तर ऐकणाऱ्याचीही तितकीच चालू असते. संगीत नाटकात ही अडचण फार मोठी आहे. रेवतीचं पद चार-पाच मिनिटं चालतं. तेवढा वेळ अश्विनशेठने काय करायचं? खांबासारखं उभं राहायचं? पूर्वी वन्स मोअर मिळाला की तेच पद पुन्हा व्हायचं आणि समोरचा नट तितका वेळ आणखी उभा. तेव्हा प्रेक्षक गाण्यासाठीच आलेले असत, आणि प्रयोग रात्रभर चालला तरी कोणाची तक्रार नसे. आता प्रयोग अडीच-तीन तासांत बसवावा लागतो. पद चालू असताना समोरच्याच्या चेहऱ्यावर गोष्ट पुढे सरकली नाही, तर प्रेक्षक मोबाइल काढतो. म्हणून दुसरा उमेदवार गात असेल तेव्हा आपली पाळी नाही असं समजू नका. त्याचं ऐका. संशय आलेला माणूस गाणं कसं ऐकेल? एखादाच शब्द पकडून बसेल, बाकीचं त्याच्या कानावरून जाईल. एवढं केलंत तरी लक्षात राहता.

आता दुसऱ्या बाजूला येऊ, म्हणजे निवडणाऱ्यांकडे. व्यावसायिक नाटकात भूमिका नाही मिळाली तर माणूस दुसऱ्या निर्मात्याकडे जातो. हौशी मंडळाचं तसं नसतं. गाव एक, मंडळ एक. समजा बारा भूमिका आहेत आणि तीस माणसं आली. अठरा जण नाराज होऊन घरी जाणार, आणि ते अठरा जण आपल्याला बाजारात, बँकेत, मुलांच्या शाळेत भेटणार. त्यांच्यातलेच काही उद्या तिकीट काढून प्रेक्षकांत बसायला हवे असतात. म्हणून इथे निवड करणं फार जोखमीचं काम आहे. ती टाळायचा एक सोपा मार्ग पुष्कळ ठिकाणी वापरतात, तो म्हणजे चाचणीच न घेणं. मागच्या वर्षीचा नायक यंदाही नायक, अध्यक्षांची सून नायिका. भांडण नाही, तंटा नाही. पण पाच वर्षांनी तो नायक गुडघे धरून बसायला लागतो आणि त्याच्या जागी उभा राहील असं कोणीही तयार झालेलं नसतं. गोव्यात जत्रेच्या निमित्ताने गावकऱ्यांनीच नाटक करण्याची परंपरा आजही चालू आहे. तिथलं बघून एक शिकण्यासारखं आहे. वडिलांचं बघून मुलगा, त्याचं बघून शेजारचा, अशी माणसं येत राहिली तरच नाटक टिकतं. दार उघडं नसेल तर ती येणार कुठून?

मग निवड करणाऱ्यांनी काय करावं? आमच्या मते तीन नियम पुरेत. सगळ्यांना एकच उतारा आणि सारखाच वेळ द्यायचा, ओळखीचा असो नसो. निवडणाऱ्यांत निदान एक माणूस बाहेरचा, ज्याला कोण कोणाचा कोण हे माहीत नाही. आणि ज्याची निवड झाली नाही त्याला दुसऱ्याकडून कळू द्यायचं नाही, आपण फोन करून कारण सांगायचं. कारण ठोस हवं. ‘तुमचा आवाज चांगला आहे, पण रेवतीच्या पदांना वरच्या सप्तकात जितकं राहावं लागतं तितकं सध्या जमत नाहीये’, हे ऐकून माणूस वर्षभर रियाज करू शकतो. ‘यंदा नाही जमलं, पुढच्या वेळी बघू’ हे ऐकून तो फक्त अंदाज बांधत बसतो. मग त्याच्या डोक्यात जे सुरू होतं त्याला काय म्हणायचं? संशयकल्लोळच! नाटकातला संशय शेवटी फिटतो, मंडळातला पुष्कळदा फिटत नाही.

उमेदवारांनाही एक सांगायचं आहे. चाचणी दोन्ही बाजूंनी असते. तुम्हीही मंडळाला प्रश्न विचारा. तालमी किती दिवस? रात्री किती वाजता सुटणार? बायकांनी घरी परतण्याची सोय काय? कपडेपट आणि हॉलच्या भाड्याची वर्गणी काढणार का, किती? परीक्षा किंवा शेतीच्या कामाचे दिवस आड आले तर काय? हे विचारायला लाजायचं काही कारण नाही. तालमीच्या विसाव्या दिवशी भूमिका सोडण्यापेक्षा पहिल्या दिवशी हे कळलेलं दोघांनाही बरं.

शेवटी मघाशी आलेल्या चिठ्ठीबद्दल. एका ताईंनी विचारलंय, ‘माझं वय त्रेपन्न, गाणं शिकलेले नाही, पण नाटकाची आवड आहे. मी चाचणीला जावं का?’ ताई, जरूर जा. संगीत नाटकात सगळेच गात नाहीत. याच नाटकात बघा, पदांचा मोठा भार रेवती आणि अश्विनशेठवर आहे. भादव्यासारखी नोकराची भूमिका गद्यावर आणि वेळेवर चालते. बायकांच्या भूमिकांतही बोलण्यावर उभ्या असलेल्या आहेत, त्यांची नक्कल आधी वाचून ठेवा. जाताना नाव नोंदवणाऱ्याला स्पष्ट सांगा, ‘मी गाणार नाही, मला वाचायला द्या.’ भूमिका मिळाली तर उत्तम. नाही मिळाली तर प्रॉम्प्टिंगला बसता येईल का, तेही विचारून ठेवा. सगळं नाटक पाठ व्हायला त्याहून चांगली जागा नाही, आणि प्रयोगाच्या आदल्या दिवशी कोणी आजारी पडलं की मंडळ सगळ्यात आधी तिथेच बघतं.

इतकंच.