गाडी तपासून देणाऱ्याचा दिवस

सकाळी 6.15

जुनी गाडी बघायची तर इंजिन थंड असताना. त्यामुळे माझा दिवस लवकर सुरू होतो. विकणाऱ्याला आदल्या रात्रीच फोन करून सांगतो, मी येईपर्यंत गाडी चालू करू नका. पोहोचलो की आधी बॉनेटवर हात ठेवतो. गरम लागलं आणि "जरा दूध आणायला नेली होती" असं उत्तर आलं, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा येतो. तापलेलं इंजिन बरंच काही लपवतं. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत पहिल्या स्टार्टला चेनचा खडखडाट ऐकू येतो, बॅटरीत किती जीव आहे ते कळतं आणि पहिला धूर दिसतो. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जाळतंय. गोडसर वासाचा, थांबायलाच तयार नसलेला पांढरा धूर म्हणजे कूलंट आत जातंय. थंडीच्या पहाटे थोडी वाफ निघतेच, तिला घाबरायचं कारण नाही.

बरीच वर्षं वर्कशॉपमध्ये काढल्यावर आता मी पुण्यात घेणाऱ्याच्या बाजूने गाड्या तपासून देतो. विकणाऱ्याकडून किंवा एजंटाकडून एक रुपयाही घेत नाही. कितीही ओळखीचा असला तरी नाही.

आजची पहिली गाडी हडपसरच्या एका शिक्षिकेसाठी. शाळा सासवडला, रोज दिवे घाट चढायचा-उतरायचा. घरातल्या गाडीची पंधरा वर्षांची पासिंग संपत आलेली, आणि सासऱ्यांना आठवड्यातून तीनदा डायलिसिसला न्यावं लागतं. पहिल्या भेटीत त्यांनी रंग, स्क्रीन, सनरूफ यांतलं काहीच विचारलं नाही. एवढंच म्हणाल्या, "दादा, गाडी कसलीही असू दे, सकाळी चालू झालीच पाहिजे." भरवशाची गाडी म्हणजे काय ते मला कोणत्याही जाहिरातीपेक्षा या वाक्यातून नीट कळलं.

सकाळी 6.45

मगरपट्ट्यातल्या पार्किंगमध्ये 2023 ची टाटा पंच उभी आहे. पेट्रोल, मॅन्युअल, पहिलाच मालक. ही गाडी निवडण्यामागे कारणं आहेत. 2021 मध्ये ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत मोठ्या प्रवाशांच्या सुरक्षिततेसाठी तिला पाच तारे मिळाले, आणि रोज घाटातून जाणाऱ्या माणसासाठी मी तारे बघतोच. दरवाजे अगदी काटकोनात उघडतात, सीट उंच आहे; पाय न वाकणाऱ्या माणसाला आत बसवणं सोपं जातं.

आधी पाटी बघतो. गाडी कधी रजिस्टर झाली याहून ती कधी बनली हे मला हवं असतं. पंपावर आता 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. एप्रिल 2023 पासून बनलेल्या गाड्यांचे पाइप आणि सील त्याला चालतील असे आहेत. त्याआधीच्या बहुतेक गाड्या 10 टक्क्यांच्या हिशेबाने बनल्या होत्या. त्या गाड्या काही लगेच बंद पडत नाहीत, पण पुढची आठ-दहा वर्षं वापरायला घ्यायची असेल आणि खिशाला झेपत असेल, तर मी ती तारीख सोडत नाही. ही मे महिन्यात बनलेली आहे.

मग रंगाची जाडी. कारखान्यातला रंग साधारण 100 ते 150 मायक्रॉनचा असतो. मीटर पत्र्यावर टेकवत एका दरवाज्याकडून दुसऱ्याकडे जातो. पुढच्या डाव्या दरवाज्यावर आकडा एकदम 380 वर जातो. म्हणजे लांबी भरून रंग मारलाय. मालक लगेच सांगतात, सोसायटीच्या गेटला घासली होती. दरवाज्याचं मला फारसं वाटत नाही. बिजागरीचे बोल्ट बघतो, त्यांवर पान्याच्या खुणा नाहीत, म्हणजे दरवाजा कधी उतरवलेला नाही. मला भीती असते ती ॲप्रन आणि पिलरची, म्हणजे गाडीच्या सांगाड्याची. तिथले कारखान्यातले गोल वेल्ड जसेच्या तसे आहेत. सगळ्या काचांवर एकच साल आहे. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन सालाचे. ते गाडीच्या वयाशी जुळतात. म्हणजे टायर मूळचे आहेत आणि आता बदलायला झालेत. हा खर्च लिहून ठेवतो.

मीटर 34 हजार दाखवतं. मीटर मागे फिरवणारे अजूनही आहेत, म्हणून मी आकड्यावर विश्वास न ठेवता क्लचच्या पॅडलचं रबर, स्टिअरिंगची झिलई आणि ड्रायव्हर सीटची बाहेरची कड बघतो. मग सर्व्हिसच्या नोंदी ओळीने वाचतो. शेवटी स्कॅनर. त्यात एरर नसणं पुरेसं नाही. काल रात्री कुणी एरर पुसून टाकले का, तेही बघावं लागतं. तसं केलं असेल तर गाडीच्या स्वतःच्या तपासण्या अर्धवट राहिलेल्या दिसतात. इथे सगळ्या पूर्ण आहेत.

गाडी चांगली आहे. मालकांसमोर मी तसं बोलत नाही.

सकाळी 10.30

खराडी. इथल्या जोडप्याला हायब्रिड घ्यायची आहे. नवरा रोज हिंजवडीला जातो, येऊन-जाऊन साठेक किलोमीटर, आणि त्यातला मोठा भाग पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये सरकण्यात जातो. बघायची आहे 2023 ची टोयोटा अर्बन क्रूझर हायरायडर, स्ट्राँग हायब्रिड.

त्यांनी याआधी एक "स्मार्ट हायब्रिड" लिहिलेली गाडीही बघून ठेवली होती, जवळपास निम्म्या किमतीत. दोन्ही हायब्रिडच ना, असा त्यांचा प्रश्न. बाजारात सगळ्यात जास्त फसगत इथे होते. मी त्यांना एकच गोष्ट विचारायला सांगतो: इंजिन बंद ठेवून गाडी पुढे सरकते का? माइल्ड हायब्रिडमध्ये छोटी मोटर इंजिनाला हात देते, सिग्नलला बंद पडलेलं इंजिन पटकन सुरू करते, पण एकटी गाडी ओढत नाही. त्यातही थोडं पेट्रोल वाचतं, पण ते वेगळं यंत्र आहे. स्ट्राँग हायब्रिडमध्ये मोटर गाडी एकटीने हलवते, आणि ब्रेक दाबला की वाया जाणारी गती विजेच्या रूपात बॅटरीत परत येते. ट्रॅफिकमध्ये ही गाडी इतकी कमी पिते ती यामुळे. चार्जरला लावायची गरज नसते.

बटन दाबलं, डॅशबोर्डवर 'रेडी' लिहून आलं, आणि काहीच आवाज नाही. वहिनी म्हणाल्या, "सुरू झाली का?" मी गाडी तशीच, आवाजाशिवाय, पार्किंगमधून बाहेर काढली. मुंढव्याच्या चढाला इंजिन जागं झालं तेव्हा धक्का बसतो का, ब्रेक हलका-जड होतो का, हे लक्ष देऊन बघितलं. दोन्ही नाही.

त्यांची खरी भीती बॅटरीची. "ती गेली तर लाखभर रुपये एका दमात जातील ना?" भीती रास्त आहे, म्हणून सविस्तर सांगितलं. या गाडीच्या हायब्रिड बॅटरीला 8 वर्षं किंवा 1 लाख 60 हजार किलोमीटर, जे आधी होईल तोवर वॉरंटी आहे. ती गाडी पहिल्यांदा विकली गेल्या दिवसापासून मोजतात. म्हणजे 2031 पर्यंत. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये हायब्रिड बॅटरीची तपासणी करून छापील अहवाल मिळतो. तो हातात आल्याशिवाय टोकन द्यायचं नाही, हे पक्कं ठरवलं. मी स्कॅनरवर बॅटरीच्या गटागटांचे व्होल्ट बघतो. सगळे एकमेकांच्या जवळ असले की समाधान वाटतं, एखादा मागे पडलेला असला की मी उठतो. बॅटरी गार ठेवणाऱ्या पंख्याच्या जाळीसमोर बॅगा किंवा सीट कव्हर येऊ द्यायचं नाही, तिची धूळ साफ करत राहायची. एवढं सांभाळलं की या यंत्रात बिघडण्यासारखं उलट कमीच आहे: क्लच प्लेट नाही, वेगळा स्टार्टर नाही, अल्टरनेटर नाही, ब्रेक पॅडही जास्त टिकतात.

मग बॉनेटवरच वही ठेवून हिशेब. कंपनी लिटरला 27.97 सांगते, मी ट्रॅफिकमध्ये 20 धरतो. अशा रस्त्यावर साध्या पेट्रोल ऑटोमॅटिकला 10 धरतो. वर्षाला 18 हजार किलोमीटर, पेट्रोल 105 रुपये. एका गाडीला 1800 लिटर लागतं, दुसरीला 900. वर्षाला साडेचौऱ्याण्णव हजार वाचतात. त्याच वयाच्या साध्या पेट्रोल ऑटोमॅटिकपेक्षा हिच्यासाठी पावणेतीन लाख जास्त मागतायत. तीन वर्षांत फिटतात, त्यानंतर वॉरंटीची वर्षंही उरतात. या घरासाठी मी हायब्रिडला मनापासून हो म्हटलं.

दुपारी 1.30

डबा, गाडीतच. जेवताना तीन फोन. त्यात एकाला दहा वर्षांची मोठी हायब्रिड सेडान स्वस्तात मिळतेय. त्याला नको म्हटलं. कितीही आलिशान असली तरी तिच्या बॅटरीची वॉरंटी केव्हाच संपलेली आहे.

दुपारी 2.30

वडगाव. एका तरुणाने जुनी गाडी आधीच विकून टाकलीय, घरचं लग्न तोंडावर आहे आणि एजंट म्हणतोय, आज टोकन दिलं नाही तर उद्या गाडी राहणार नाही. गाडी बाहेरून लखलखीत, आतून अत्तरासारखा वास. वासाचा मला लगेच संशय येतो. मागचा सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढला. एरवी जो भाग कधी बाहेर येत नाही, तिथे मातकट पट्टा उमटलेला. डिकीतली स्टेपनी काढली, खालच्या खोबणीच्या कडेला वाळलेला गाळ. ड्रायव्हर सीटच्या रुळांवर गंज. पुराच्या पाण्यात उभी राहिलेली गाडी. वायरिंग आणि कनेक्टर आज चालतील, दोन पावसाळ्यांनी दगा देतील, आणि नेमका कुठला कनेक्टर जाईल ते कुणालाच सांगता येणार नाही.

दहा मिनिटांत बाहेर आलो. त्या मुलाला म्हटलं, लग्नासाठी आठवडाभर भाड्याने गाडी घे. त्याचा चेहरा पडला. मला वाईट वाटलं, पण ही गाडी घेऊ दिली असती तर झोप लागली नसती.

दुपारी 4.00

कागद. पंचचा नंबर परिवहनच्या ॲपवर टाकला. विमा चालू, पीयूसी चालू, दोन ई-चलान थकलेली. ती भरूनच गाडी द्यायची. आणि मुख्य म्हणजे आरसीवर बँकेचं नाव अजून आहे. मालकांनी "कर्ज फिटलंय" असं सांगितलं होतं. ते खरंही असेल, पण बँकेचा ना हरकत दाखला आणि फॉर्म 35 देऊन एचपी, म्हणजे आरसीवरचा बँकेचा बोजा, उतरवल्याशिवाय ट्रान्सफर पुढे सरकत नाही. त्यानंतर फॉर्म 29 आणि 30. इंजिनाला तासभर देणारी माणसं कागदांना पाच मिनिटं देतात, आणि पुढे महिनोन् महिने संगम पुलाजवळच्या आरटीओत फेऱ्या मारतात. विम्याचंही तसंच. गाडी नावावर झाल्यापासून 14 दिवसांत विमा आपल्या नावावर करून घ्यायचा. नो क्लेम बोनस गाडीचा नसतो, माणसाचा असतो; म्हणजे शिक्षिकाबाईंचा त्यांच्या जुन्या गाडीवरचा बोनस या गाडीला लावता येईल.

संध्याकाळी 7.30

हडपसर. बाई नुकत्याच शाळेतून आल्यात, सासरे दिवाणावर पडून ऐकतायत. बाईंनी प्रश्नांची यादी काढून ठेवली होती, मला फार आवडलं.

"हायब्रिड का नको, दादा? सगळे तेच म्हणतायत."

वही उघडली. त्यांचंही रनिंग वर्षाला 18 हजारच, पण रस्ता वेगळा. सासवडच्या रस्त्यावर साध्या पेट्रोलला 16, हायब्रिडला 22 धरलं. फरक वर्षाला तीनशे लिटरच्या थोडा वर, म्हणजे बत्तीस हजार रुपये. किमतीतला फरक सात लाखांचा. तो भरून यायला वीस वर्षांहून जास्त लागतील, आणि सात लाखांचा हप्ता त्या पगारातून जाणार. सकाळी ज्या यंत्राला मी हो म्हटलं, त्यालाच इथे नाही म्हटलं.

मग सीएनजी. हिशेबात सीएनजी जिंकत होता, अगदी स्पष्ट. मी काकांची घडीची व्हीलचेअर मागवली आणि टेपने मोजली. सिलिंडर बसवलेल्या डिकीत ती मावत नाही. दोन लहान सिलिंडर तळाशी बसवलेल्या गाड्याही आता मिळतात, पण तिथे डिकी उथळ होते. चाकं काढल्याशिवाय खुर्ची आत जात नव्हती. डायलिसिसनंतर थकलेला माणूस गाडीत बसलाय आणि सून हॉस्पिटलच्या दारात खुर्चीची चाकं काढतेय, हे रोज नको. शिवाय पंपावरची रांग. पेट्रोलच ठरलं.

उरला भाव. मालकांनी 6 लाख 40 हजार सांगितलेत. सप्टेंबर 2025 मध्ये छोट्या गाड्यांवरचा जीएसटी 28 टक्के आणि उपकरावरून 18 टक्क्यांवर आला, नव्या गाड्यांचे भाव उतरले, पण जुनी गाडी विकणारे कितीतरी जण अजून आधीचेच आकडे धरून बसलेत. त्यांना नव्या गाडीची आजची किंमत समोर ठेवून दाखवायची. त्यातून चार टायर वजा करायचे, रंगवलेला दरवाजा सांगायचा. 6 लाखांपर्यंत यायला हरकत नाही, त्याच्या वर गेले तर सोडून द्यायची. अशी गाडी पुन्हा मिळेल.

काका दिवाणावरून म्हणाले, "आम्ही टोकन उद्याच देऊन टाकतो, गाडी हातची जायला नको."

"काका, टोकन द्या, पण दहा हजारांच्या वर नको," मी म्हटलं. "आणि पावतीवर लिहून घ्या, बँकेचा दाखला आठ दिवसांत आला नाही तर पैसे परत." मजकूर मीच लिहून दिला. बाईंनी तो दोनदा वाचला, गाडीचा नंबर आणि चॅसिस नंबर माझ्या वहीशी ताडून बघितला, आणि मालकांना फोन लावला.