गुडघ्याच्या सांध्याची रचना व स्थैर्य : कबड्डीपटूंच्या संदर्भात

प्रस्तावना :
गुडघा हा मानवी शरीरातील सर्वांत मोठा सांधा होय. कबड्डीत चढाईपटू वेगाने दिशा बदलतो आणि बचावपटू त्याचा घोटा धरून पाय जागीच रोखतो. अशा वेळी गुडघ्यास जोराचा पीळ बसतो. 'गुडघा मुरगळला' असे म्हणून चोळण्या-शेकण्यावर भागविले जाते व सूज उतरताच खेळाडू पुन्हा मैदानात उतरतो. हे घातक का ठरते, याचे उत्तर सांध्याच्या रचनेत आहे.

सांध्याची रचना :
मांडीचे हाड, नडगीचे हाड व गुडघ्याची वाटी यांनी हा सांधा बनतो. मांडीच्या हाडाचे खालचे टोक गोलाकार, तर नडगीच्या हाडाचा माथा जवळजवळ सपाट असतो. खुब्याप्रमाणे येथे हाड हाडाच्या खोबणीत बसत नाही. दोहोंमधील मेनिस्कस नावाच्या 2 अर्धचंद्राकृती कूर्चा भार विभागतात व सपाट माथ्यास थोडा खोलगटपणा देतात. तरीही स्थैर्याची मुख्य जबाबदारी अस्थिबंध व स्नायूंवरच राहते.

स्थैर्याचे घटक :
1) अस्थिबंध : प्रमुख अस्थिबंध 4 आहेत. दोन्ही बाजूंचे अस्थिबंध गुडघा आडवा कलू देत नाहीत. मध्यभागातील दोन फुलीप्रमाणे एकमेकांना छेदतात. त्यांपैकी पुढचा, म्हणजेच खेळाडूंच्या परिचयाचा 'एसीएल', नडगीचे हाड पुढे सरकण्यास व पिळण्यास आवर घालतो. मागचा ते मागे सरकू देत नाही.

2) स्नायू : मांडीच्या पुढील बाजूचा क्वाड्रिसेप्स स्नायू गुडघा सरळ करतो. गुडघा सरळ होत आला असता तो नडगीचे हाड पुढे ओढतो व एसीएलवर ताण येतो. मागील हॅमस्ट्रिंग स्नायू तेच हाड मागे खेचून एसीएलला साहाय्य करतात. म्हणून दोन्ही स्नायूगटांचा व्यायाम आवश्यक ठरतो.

दुखापत व तिचे परिणाम :
दुखापतीच्या क्षणी 'कट्' असा आवाज, काही तासांतच आलेली सूज व नंतर गुडघा निसटल्याची जाणीव ही एसीएल तुटल्याची प्रमुख लक्षणे होत. सूज काही आठवड्यांत उतरते. तुटलेला अस्थिबंध मात्र सहसा आपोआप पूर्ववत होत नाही. पुढे गुडघा प्रत्येक वेळी निसटताना मेनिस्कसला इजा होण्याचा धोका असतो. मेनिस्कसच्या आतील भागास रक्तपुरवठा नसल्याने तेथील इजा भरून येणे कठीण असते. परिणामी तारुण्यातच सांध्याची झीज सुरू होऊ शकते.

समारोप :
सूज उतरणे म्हणजे स्थैर्य परत येणे नव्हे. प्रत्येक रुग्णास शस्त्रक्रिया लागतेच असे नाही; परंतु अस्थिरोगतज्ज्ञाकडून तपासणी झाल्याशिवाय खेळाडूस मैदानात उतरविणे योग्य ठरत नाही. क्रीडाशिक्षकांनी एवढी दक्षता घेतल्यास अनेक गुडघे वाचू शकतील.