विकलजांच्या साहाय्याने वक्ररेखन

कलनशास्त्रात एखाद्या फलनाच्या विकलजांवरून त्याच्या आलेखाचे स्वरूप ठरवून त्याची रूपरेषा काढण्याच्या पद्धतीस वक्ररेखन म्हणतात. वक्र कोठे चढतो, कोठे उतरतो आणि कोणत्या बाजूस वाकतो, हे या पद्धतीने निश्चित करता येते.

गरज

काही बिंदू स्थापन करून जोडले की आलेख मिळतो, हा समज नेहमीच खरा ठरत नाही. उदाहरणार्थ, य = क्ष³ − क्ष या फलनात क्ष = −१, ० आणि १ या तिन्ही ठिकाणी य = ० येते. केवळ पूर्णांक किमती घेतल्यास −१ ते १ या भागात आलेख क्ष-अक्षावरच आहे, असे वाटते. बिंदूंची संख्या वाढवली तरी दोन बिंदूंच्या दरम्यान काय घडते, हे त्यांवरून सिद्ध होत नाही. विकलजाचे चिन्ह मात्र संपूर्ण अंतरालाविषयी माहिती देते.

प्रथम विकलज

प्रथम विकलज फ′(क्ष) म्हणजे वक्राच्या स्पर्शिकेचा चढ होय. एखाद्या अंतरालात फ′ धन असल्यास फलन वाढते, ऋण असल्यास घटते. याची सिद्धता मध्यमान प्रमेयावरून मिळते.

फलनाच्या प्रांतातील ज्या बिंदूपाशी फ′ शून्य असतो किंवा अस्तित्वात नसतो, त्यास क्रांतिक बिंदू म्हणतात. फलन संतत असून तेथे फ′ चे चिन्ह धनाचे ऋण झाल्यास स्थानिक महत्तम मूल्य मिळते, ऋणाचे धन झाल्यास स्थानिक लघुतम मूल्य मिळते. फ′ शून्य असणे एवढेच पुरेसे नाही: य = क्ष³ चा विकलज क्ष = ० येथे शून्य आहे, पण चिन्ह न बदलल्याने तेथे महत्तमही नाही आणि लघुतमही नाही. उलट य = |क्ष| या फलनाचा विकलज क्ष = ० येथे अस्तित्वात नाही, तरीही तेथेच लघुतम मूल्य आहे.

द्वितीय विकलज

द्वितीय विकलज फ″(क्ष) चढ कसा बदलतो ते दर्शवतो. तो धन असल्यास वक्र उताण्या वाटीसारखा, ऋण असल्यास पालथ्या वाटीसारखा वाकलेला असतो. वक्रावरील ज्या बिंदूपाशी वाकण्याची ही दिशा बदलते, त्यास नतिपरिवर्तन बिंदू म्हणतात. येथेही चिन्ह बदलणे आवश्यक आहे. य = क्ष⁴ मध्ये क्ष = ० येथे फ″ शून्य असूनही वाकण्याची दिशा बदलत नाही.

पायऱ्या

१. फलनाचा प्रांत, अक्षांवरील छेदनबिंदू आणि सममिती पाहणे.
२. अनंतस्पर्शी रेषा असल्यास शोधणे.
३. फ′ वरून चढ-उताराचे अंतराल आणि स्थानिक महत्तम व लघुतम मूल्ये ठरवणे.
४. फ″ वरून वाकण्याची दिशा आणि नतिपरिवर्तन बिंदू ठरवणे.
५. मिळालेली माहिती एकत्र करून वक्र काढणे.

उदाहरण

य = क्ष³ − क्ष साठी फ′ = ३क्ष² − १. तो क्ष = ±१/√३, म्हणजे सुमारे ±०.५७७ येथे शून्य होतो. या दोन बिंदूंच्या दरम्यान फ′ ऋण आणि बाहेर धन आहे. म्हणून क्ष = −०.५७७ जवळ सुमारे ०.३८५ हे स्थानिक महत्तम आणि क्ष = ०.५७७ जवळ सुमारे −०.३८५ हे स्थानिक लघुतम मूल्य मिळते. क्ष = २ येथे य = ६ असल्याने ०.३८५ हे संपूर्ण फलनाचे महत्तम मूल्य नव्हे. फ″ = ६क्ष असल्याने आरंभबिंदू हा नतिपरिवर्तन बिंदू आहे; तेथे स्पर्शिकेचा चढ −१ आहे. केवळ पूर्णांक बिंदू जोडल्यास सपाट वाटणाऱ्या भागात वक्र प्रत्यक्षात एकदा अक्षाच्या वर आणि एकदा खाली जातो.

इतिहास

लायब्निझने १६८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या विकलनावरील लेखाच्या शीर्षकातच महत्तम, लघुतम आणि स्पर्शिका यांचा उल्लेख आहे. लोपिताल याच्या १६९६ मधील विकलनावरील पाठ्यपुस्तकात नतिपरिवर्तन बिंदूंचे विवेचन आढळते.

आजचे महत्त्व

संगणकावरील आलेख सामान्यतः निवडक बिंदूंच्या किमती काढून रेखाटले जातात. त्यामुळे अरुंद वळणे किंवा अनंतस्पर्शी रेषा चुकीच्या दिसू शकतात. अशा आलेखाची खात्री करून घेण्यासाठी विकलजांचे विश्लेषण उपयोगी पडते.