बर्फ, वाफ आणि एक सरळ रेषा

‘पोराच्या अंगात १०२ ताप आहे’ असे सांगणारी गृहिणी त्याच दुपारी ‘आज पारा चाळिशीवर गेला’ अशी तक्रार करते, आणि तिच्या बोलण्यात फॅरनहाइट व सेल्सियस या दोन भिन्न मापनपद्धती सुखाने नांदत असल्याची दखल कोणी घेत नाही. या दोहोंचा हिशेब जुळविणारे सूत्र शाळेत घोकून घेतात. वास्तविक ते घोकण्याची गरजच नाही, कारण अवघ्या दोन बिंदूंवरून ते कोणासही उभे करता येते.

सामान्य वायुदाबात बर्फ वितळते ते ० अंश सेल्सियसला, म्हणजेच ३२ अंश फॅरनहाइटला. पाणी उकळते ते अनुक्रमे १०० आणि २१२ अंशांना. सेल्सियसला क्ष व फॅरनहाइटला य मानल्यास (०, ३२) आणि (१००, २१२) हे दोन बिंदू हाती येतात. क्ष १०० ने वाढतो तेव्हा य १८० ने वाढतो. सबब एका अंशामागे वाढ ९/५, आणि हाच रेषेचा चढ. रेषा सरळ असते ती तिचा चढ सर्वत्र एकच असतो म्हणून; तेव्हा तिच्यावरील कोणताही बिंदू (क्ष, य) घेतला तरी (य − ३२) ÷ (क्ष − ०) = ९/५ हे खरे ठरलेच पाहिजे. त्यावरून य = ९/५ क्ष + ३२. पडताळा म्हणून क्षच्या जागी ४० घालावेत : ७२ अधिक ३२, म्हणजे १०४. ‘लीलावती’त भास्कराचार्यांनी शिकविलेले त्रैराशिक ते हेच, फक्त आरंभ शून्याऐवजी बत्तिसापासून. दोन्ही बिंदूंचा क्ष एकच असेल तर मात्र भागाकार शून्याने करावा लागतो, आणि तेथे हा कायदा चालत नाही; ती उभी रेषा ‘क्ष = अमुक’ एवढ्यावरच भागते.

उप्साला येथील ज्योतिर्विद सेल्सियस यांनी १७४२ मध्ये सुचविलेल्या मापात पाणी ० अंशावर उकळे व १०० अंशांवर गोठे. ती उलटापालट पुढे झाली. मूळचीच तजवीज टिकती, तर आपली रेषा उतरती होऊन समीकरण य = २१२ − ९/५ क्ष असे झाले असते.

आजच्या समीकरणात क्ष आणि य समान मानले, तर उत्तर येते उणे ४०. त्या ठिकाणी दोन्ही मापे एकच अंक सांगतात. परंतु पारा उणे ३९ च्या सुमारासच गोठत असल्यामुळे साध्या पाऱ्याच्या तापमापकाला ती भेट दाखविता येत नाही.